बसून खायची नोकरी

बाबा, काल डॉक्टरीणबाईंनी मला तुमच्याबद्दल विचारलं. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि कोणी विचारू नये याची तजवीजही मी नीट करून ठेवली होती. लग्न जमवताना ‘वडील काविळीनं गेले’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतंच. आणि ही बाई, माझ्या मुलापेक्षाही लहान दिसणारी, समोर कागद ओढून विचारते, “काकू, याचे आजोबा प्यायचे का?” मी मान हलवली. मग म्हणते, “आणि प्यायचे नाहीत तेव्हा कसे होते?” प्यायलेले तुम्ही मला तोंडपाठ आहात. न प्यायलेले तुम्ही कसे होतात हे मला खरवडून आठवावं लागलं, आणि कालपासून माझं तेच चाललंय.

तुमचा नातू, जो तुम्ही पाहिला नाही, दारूपायी तिसऱ्यांदा भरती झालाय. चौतीस वर्षांचा घोडा. गुरुवारी त्याला घरी सोडणार आहेत. याआधी दोनदा सुटली होती त्याची, एकदा पाच महिने, एकदा आठ, आणि दोन्ही वेळा परत लागली. लग्नाच्या हॉलमध्ये लायटिंग आणि साउंड लावणाऱ्यांच्या टोळीत तो काम करायचा. शिड्या चढायच्या, वायरी ओढायच्या, आज उमरेड रोड तर उद्या काटोल रोड. ते मी सोडायला लावलं, कारण तिथली माणसं पितात. या खेपेला धरमपेठेतल्या एका ओळखीच्या औषधांच्या दुकानात मी त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. काउंटरच्या मागे, पंख्याखाली, दिवसभर बसायचं. मी हे मोठ्या तोऱ्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग तुमची चौकशी सुरू केली.

आधी किळसच आली, ते तुमच्यापासून काय लपवायचं. तुमचं नाव निघालं की माझ्या नाकात पहिल्यांदा तो वास येतो: मोहाची दारू, वर चावलेली पेरूची पानं, आणि घामात भिजून अंगावरच वाळलेला सदरा. पेरूच्या पानांनी वास मरतो असं तुम्हाला कोणत्या शहाण्यानं सांगितलं होतं कोण जाणे. दारूचा वास यायचाच, आणि पानांचा आला की कळायचं, आज आपल्याला फसवायचंही ठरलेलं आहे. अजूनही कोणी घरी पेरू आणून दिले तर मी ते शेजारी देऊन टाकते. नंदनवनच्या अलीकडे आपल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात एक मोरी. तिथेच भांडी, तिथेच अंघोळ आणि तिथेच तुमची ओकारी. ती धुवायचं काम माझं. आई म्हणायची, मी त्याच हातानं भाकर थापू का? म्हणून मग दहाव्या वर्षापासून मी फ्रॉकचा घोळ नाकाशी धरायची, राख टाकायची आणि खराट्यानं ओढायची. दुसऱ्या मुली ठिक्कर खेळायच्या त्या वेळात. एवढ्या लहान वयात बापाच्या पोटातलं काय काय मला पाहायला लागलं.

पण डॉक्टरीणबाईंना ते नको होतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्या बाबांच्या पायाला भिंगरी होती. जेवताना तुम्ही ताटावरून तीनदा उठायचात. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुमचं उत्तर तयार असायचं, आणि ते भलत्याच गोष्टीचं असायचं. घासलेट आणायला गेलात आणि पोपट घेऊन आलात. घासलेट राहिलंच, डबाही दुकानात राहिला. ट्रान्झिस्टर दुरुस्त करतो म्हणून उघडलात तो सहा महिने उघडाच. दाराला निळा रंग द्यायला घेतलात, तो कडीपर्यंत येऊन थांबला. एक ना धड भाराभर चिंध्या. कापडगिरणीत चार महिने टिकलात. छापखान्यातून ‘पाच मिनिटात येतो’ सांगून निघालात ते परत गेलाच नाहीत. आई वैतागून म्हणायची, “याइच्या बुडाखाली कोनं निखारा ठेवला हाय का काय बाप्पा!” आणि एकदा, पूर्ण शुद्धीत, ओट्यावर बसून पाय हलवता हलवता तुम्ही मला म्हणाला होतात, “पोरी, डोक्यात अख्खा इतवारीचा बाजार भरून राह्यते वं. जो तो वरडून राह्यते. पेली का बाजार उठते.” मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. पिणाऱ्याला निमित्त काहीही पुरतं, असं आपल्याकडे सगळेच म्हणत आणि मला ते पटलेलं होतं.

मग आणीबाणीच्या जरा आधी तुम्हाला सरकारी दवाखान्यात एकवीस दिवस ठेवलं आणि तुमची सुटली. घरी आलात तेव्हा वाळून काडी झाला होतात. दहा-बारा दिवस तुम्ही या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घातल्या, आणि मग एक दिवस कुठून तरी काम घेऊन आलात, जे सगळ्यांच्या लेखी काम नव्हतंच. बर्डीवरचं एक टॉकीज आणि जरीपटक्याकडचं एक टॉकीज एकाच पिक्चरच्या रिळांची एकच पेटी वाटून घ्यायची. बर्डीवर शो लागायचा, जरीपटक्यात तोच शो पाऊण तासानं. इकडची दोन रिळं पडद्यावरून उतरली की ती पत्र्याच्या डब्यात घालायची, डबा सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधायचा आणि गड्डीगोदाम, कडबी चौक करत तिकडे न्यायचा. तिकडे द्यायची, तिकडची संपलेली घ्यायची, परत यायचं. दोन माणसं आळीपाळीनं हे करायची, आणि त्यातले एक तुम्ही. उशीर झाला तर तिकडे पडदा पांढरा पडणार आणि पब्लिक खुर्च्या फाडणार. ज्या माणसाला चौकातून घासलेट आणता आलं नाही, त्याच्या भरवशावर दोन टॉकीजं चालली होती.

आणि तुम्ही एकदाही चुकला नाहीत. हे मी काल डॉक्टरीणबाईंना सांगताना माझं मलाच नवल वाटलं. डबा कधी विसरला नाहीत, रिळांचा क्रम कधी चुकवला नाहीत, कुठल्या रेल्वे फाटकाशी गाडी कधी येते ते तुम्हाला पाठ. एकदा कडबी चौकात टायर फाटलं, तर सायकल पानवाल्याच्या हवाली केलीत आणि डबा खांद्यावर घेऊन उन्हातून पळत सुटलात. घरी येऊन ते सांगताना तुम्ही उभे राहून, हातवारे करून, पळून दाखवताय. आई हातातलं लाटणं तसंच धरून हसतेय. मीही हसतेय. त्या दिवशी तुम्ही चार भाकरी खाल्ल्या आणि ताटावरून एकदाही उठला नाहीत. आम्हाला एकदा दुपारच्या शोला फुकट बसवलं होतं तुम्ही. तुटलेल्या फिल्मचे तुकडे काडेपेटीत भरून मला आणून द्यायचात. मी ते खिडकीशी धरून बघायची, एकेका तुकड्यात तीच बाई तसाच हात वर करून उभी. असे चौदा महिने गेले. चौदा महिने मी मोरीत फक्त भांडी घासली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर माशी शिंकली कुठे? माशी माझ्या शाळेत शिंकली. मी धरमपेठेतल्या शाळेत जायची, तिथे बापांच्या स्कूटरी होत्या. एका दुपारी आम्ही पाच-सहा जणी फाटकाबाहेर उभ्या आहोत, आणि तुम्ही समोरून येताय. नेहमीचा रस्ता खोदला होता म्हणून कुठल्या तरी गल्लीतून वळून आला असाल. खाकी चड्डी, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं, मागे पत्र्याचा डबा खणखणतोय, आणि लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तुम्ही तोंडानं शिट्टी मारताय. मी मैत्रिणीच्या पाठीआड झाले. तुम्ही मला पाहिलंत, हात उंच केलात, आणि गेलात. एक मुलगी म्हणाली, “तो पागल माणूस तुले पाहून हात काहून करून राह्यला वं?” मी म्हटलं, माहीत नाही. बाप दारुडा आहे हे लपवता येत होतं, ते घरात होतं. हे भर रस्त्यात होतं.

त्याच सुमारास मामा घरी आला. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, वाईट माणूस नव्हता, आपल्यासाठी त्यानं खूप खस्ता खाल्ल्या. रविवारची दुपार. मामा बाजेवर, तुम्ही दारात उभे. मामा म्हणतो, “भाऊजी, ते टॉकीजचं सोडा आता. तिथं ऑपरेटर पेते, गेटकीपर पेते. एक दिवस तुमालेबी पाजतीन. मी कचेरीतल्या बडेबाबूले बोलून ठेवलं हाय. शिपायाची जागा हाय. सायबाच्या दाराशी स्टुलावर बसाचं. सरकारी हाय, बसून खाची नोकरी हाय. लोक देव पाण्यात घालून बसतेत अशा नोकरीसाठी.” तुम्ही दाराच्या अर्ध्या निळ्या रंगावर नख घासत होतात. म्हणालात, “पन मी बसून काय करू गा, भाऊ?” मामा खो खो हसला. “काहीच नाही कराचं! तेच तं सुख हाय.” आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं. बसून खायचं मिळणं हे आपल्या घराण्यात कोणाच्या नशिबी आलं नव्हतं. आजोबांनी उभं राहून जन्म काढला, आई दिवसभर वाकून राबायची. कोणाला बसायची शिक्षा होऊ शकते, हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. “तू सांग वं माय. तू शिकून राह्यली. घेऊ का?” तेरा वर्षांची होते मी. मी म्हटलं, “घ्या नं बाबा. मले शाळेत सांगता येईन.” मला वाटतं तुम्हाला ती फाटकापुढची दुपार तेव्हा कळली. लगेच म्हणालात, “बरं. घेतो.” मग आईनं तुमचा हात माझ्या डोक्यावर ठेवायला लावला. दारूला शिवणार नाही, टॉकीजची पायरी चढणार नाही, पोरीची आण. तुमचा हात जड होता आणि गरम होता, आणि तो एका जागी ठरत नव्हता. माझ्या केसांत बोटं वळवळत होती. मला मनातून फार बरं वाटलं होतं.

कचेरीतलं तुम्ही येऊन सांगायचात ते आम्हाला विनोदी वाटायचं. साडेदहा ते साडेपाच स्टूल. साहेब दौऱ्यावर असले तरी स्टूल. पहिल्या आठवड्यात तुम्ही साहेबांची बेल खोलून दुरुस्त केलीत, कारण ती घरघरायची. दुसऱ्या आठवड्यात न सांगता फायलींचं कपाट काढून पुसून लावलंत आणि सगळ्या फायलींची उलथापालथ केलीत. तेव्हा बडेबाबूंनी सगळ्यांसमोर तुम्हाला झाडलं, “तुमचं काम काय आहे? बसायचं. बेल वाजली की उठायचं. नाही वाजली तर नाही उठायचं. एवढं कुत्र्यालाही जमतं.” हे तुम्ही हसत सांगितलंत, आणि मामा म्हणाला, “खरं हाय नं मंग, त्यात काय चुकलं त्याइचं?” आणि आम्ही सगळे हसलो. एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी तुमचा डबा घेऊन तिथे आले होते. लांब व्हरांडा, शेवटी दार, दाराशी तुम्ही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, टाचा जमिनीवर आपटताहेत, आणि नजर कुठेच नाही. मी समोर येऊन उभी राहिले तरी तुम्हाला कळलं नाही. अंगात मात्र पांढरी कडक वर्दी होती, पट्टा होता. मला तेवढंच दिसलं. मी डबा ठेवला आणि ताठ मानेनं घरी आले.

सदतिसाव्या दिवशी तुम्ही प्यायलात. शाळेतून येते तो दार सताड उघडं, आई पाण्याच्या नळावर गेलेली. वर्दीतच होतात तुम्ही. मोरीपर्यंतही पोचला नव्हतात. संध्याकाळसाठी आई परातीत कणीक मळून, ओल्या फडक्यानं झाकून गेली होती. फडकं बाजूला पडलं होतं आणि तुम्ही त्या कणकेत ओकला होतात. तोंडही त्यातच. गालाला कणीक, मिशांना कणीक, आणि तो वास, आणि त्यात ती चावलेली पानं, हिरवी. सव्वा वर्षानं पुन्हा पानं. बाबा, मी ते सगळं दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकलं. चिकट, कोमट. त्यानंतर कित्येक वर्षं मी कणीक मळताना डोळे दुसरीकडे ठेवत आले, आणि लग्नानंतर सासूनं विचारलं तेव्हा सवय आहे म्हणून सांगितलं. आई आली, तिनं पाहिलं, आणि बादली खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसली. मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,” आणि आमच्याकडे यायचं थांबवलं. मी म्हटलं, माझ्या डोक्याची आण मोडली, म्हणजे या माणसाला मी मेले तरी चालणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुमचं ताट वेगळं काढलं. एक ॲल्युमिनियमचं, जर्मनचं ताट, एक पेला. ते फळीवर न ठेवता मोरीच्या कडेला ठेवायची, चिमट्यानं धरून धुवायची. तुम्ही दोन दिवस त्यात जेवलात. तिसऱ्या दिवशी ताटाकडे बघून विचारलंत, “माह्यं ताट अलग केलं का वं?” मी म्हटलं, “हो.” तुम्ही म्हणालात, “बरं केलं.” आणि जेवलात. पुढची दोन वर्षं, जीव जाईपर्यंत, तुम्ही त्याच ताटात जेवलात. नोकरी तर त्या प्रकारानंतर महिनाभरातच गेली. शेवटी शेवटी डोळे हळदीसारखे, पोट मडक्यासारखं, पाय सुजलेले, आणि तुम्ही खरोखरच बाजेवरून हलू शकत नव्हतात. बसायचं तुम्हाला अखेर जमलं, असं मी मैत्रिणीला एकदा म्हटलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात हे शब्द होते. आज लिहिताना मला स्वतःचीच शिसारी येतेय.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या मुलाला जे आहे त्याला एडीएचडी म्हणतात. लोकांना वाटतं तो लहान मुलांचा प्रकार आहे, पण पुष्कळांचा मोठेपणीही जात नाही. लक्ष एका जागी ठरत नाही, डोकं थांबत नाही, रिकामा वेळ खायला उठतो, आणि मनात आलेलं हातून होऊनच जातं. दारू सुटते, काकू, पण डोकं तेच राहतं. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही, तर दारू परत लागायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून दोन्हींवर बरोबर औषधपाणी करायचं, आणि दिवस कसा जाईल याचा त्याला विचारून विचार करायचा.” मी विचारलं, आणि याचे आजोबा? त्या म्हणाल्या, “न तपासता मी कसं सांगू? पण तुम्ही सांगताय त्यावरून शंका येते.”

मला आधी संताप आला. चला, आता दारुड्यांनाही नवं नाव मिळालं. मोरी मी धुतली, कणीक मी उपसली, आणि चाळीस वर्षांनी एक पोरगी मला सांगते की डोकं थांबत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ती घाण तुम्ही काढलीत, ते काही खोटं नाही. पण मला एक सांगा, ते चौदा महिने कशानं टिकले असतील?” मी ताडकन म्हटलं, शपथेमुळे. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. आणि बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. शपथ तर शेवटी घेतली होती. टॉकीज सोडताना. चौदा महिने तुम्ही कुठल्याच शपथेशिवाय काढले, आणि शपथ घेतल्यावर सदतीस दिवस. हा साधा हिशेब आई, मामा, मी, कोणीच कधी मांडला नव्हता. शपथेनं सुटली आणि शपथ मोडून लागली, असंच आम्ही जन्मभर सांगत आलो.

माझी किळस गेली असं समजू नका. ती जाणार नाही. ती माझ्या हाताला लागलेली आहे. तुम्हाला आजार होता असं उद्या कोणी कागदावर लिहून दिलं तरी त्या कणकेचा वास कमी होणार नाही. पण आता तिथे एकटे तुम्हीच नाही. वर्दीची इस्त्री पाहून ताठ मानेनं परत आलेली ती मुलगी मला दिसते, हसणारा मामा दिसतो, आणि माणसाला एका जागी बांधून घातलं की तो सुधारतो, हे आपलं सगळ्यांचं पिढीजात शहाणपण दिसतं. मी स्वतः बत्तीस वर्षं खुर्चीवर बसून नोकरी केली. बसण्याला मी देवासारखं मानलं. मुलाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्याला पलंगावर बसवलं, टीव्ही लावून दिला, म्हटलं, आराम कर, काही करू नकोस. दुसऱ्यांदाही तेच.

आता एक सांगायचं राहिलंय, आणि ते मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. कणकेच्या त्या प्रकारानंतर आठ-दहा दिवसांनी टॉकीजचे मॅनेजर आपल्या घरी आले होते. दुपारची वेळ, मी एकटी. पांढरी पँट, घाम पुसत दाराशी उभे राहिले. म्हणाले, “बेटा, तुझे बाबा कुठे हायेत? त्यांना सांग, नवीन पिक्चर लागून राहिलं, सोमवारपासून या म्हणाव. दुसरा आदमी ठेवला तो रोज पडदा पांढरा करून राहिला.” मी म्हटलं, ते आता सरकारी नोकरीत आहेत. ते म्हणाले, “पुन्हा सुरू झाली ऐकलं. पण सायकलवर असला की तो पीत नाही, बेटा. मी पाहिलं आहे. सांगशील ना?” मी म्हटलं, सांगते. तुमची नोकरी तेव्हा अजून गेलेली नव्हती. शाळेत मी सगळ्यांना सांगून बसले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही. ते पुन्हा आले नाहीत, आणि टॉकीजची पायरी चढायची नाही ही एक शपथ तुम्ही शेवटपर्यंत पाळलीत, म्हणून तुम्हाला कधी कळलंही नाही.

हे मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पोचवायची सोय नाही. गुरुवार परवावर आलाय. दवाखान्यात मोबाइल ठेवू देत नाहीत, म्हणून मुलाचा मोबाइल माझ्याकडे असतो. आज सकाळी त्यावर त्याच्या जुन्या मालकाचा फोन आला. लग्नसराई सुरू होतेय, शिडीवर चढणारं त्याच्यासारखं दुसरं कोणी नाही, कधी येतो म्हणाव. मी म्हटलं, सांगते. दुपारी चार वाजता भेटायला गेले, तासभर त्याच्याजवळ बसले. तो खाटेच्या कडेला बसून पाय हलवत होता. मी निघाले तेव्हा त्यानं विचारलं, “आई, कोणाचा फोन आलता का?” मी म्हटलं, “नाही.”